क्यूजीआयएसचा ऑनलाइन वर्ग: पहिला तास वाचवण्यासाठी

क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन वर्गात पहिला तास हमखास इन्स्टॉलेशन आणि डेटा उघडण्यातच जायचा. त्यावर हे लागू पडलं.

सगळ्यांकडे एकच आवृत्ती हवी, तीही एलटीआर, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणारी. दोन दिवस आधी ‘अबाउट’ खिडकीचा स्क्रीनशॉट मागवून घ्या. नुसत्या ‘झालं सर’वर जाऊ नका.

डेटा शेपफाइलमध्ये, म्हणजे अनेक फाइलींत विभागलेल्या नकाशाच्या प्रकारात, देऊ नका. लोक फक्त आकारांची एसएचपी फाइल उतरवतात, माहितीची डीबीएफ फाइल मागे राहते आणि नकाशा दिसला तरी माहितीचे कॉलम गायब. शिवाय डीबीएफमध्ये कॉलमच्या नावाला १० बाइटांचीच जागा. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. ‘लोकसंख्या’ मावणार कुठून? त्याऐवजी जिओपॅकेज द्या, त्यात सगळं एकाच फाइलमध्ये मावतं.

खरी गाडी अडते बफरपाशी, म्हणजे एखाद्या आकाराभोवती ठरावीक अंतराचा पट्टा काढताना. लेयर (नकाशाचा थर) ईपीएसजी ४३२६ या अक्षांश-रेखांशांच्या प्रणालीत असेल तर ‘५००’ म्हणजे मीटर नव्हे, ५०० अंश! आधी लेयर मीटरच्या प्रणालीत (यूटीएम) बदलणारं ‘रीप्रोजेक्ट लेयर’ चालवा: पुण्यासाठी ईपीएसजी ३२६४३, नागपूरसाठी ३२६४४, कारण ७८ अंश रेखांशाला यूटीएमचा झोन (पट्टा) बदलतो. इथे बरेचजण ‘सेट लेयर सीआरएस’ (सीआरएस म्हणजे निर्देशांक प्रणाली) वापरतात. त्याने नुसतं लेबल बदलतं, आकडे तेच राहतात आणि लेयर भलतीकडेच जाऊन पडतो. ही चूक वर्गात मुद्दाम करून दाखवाच.