छोट्या शिडाच्या होडीत नांगर आणि त्याचा दोर कसा ठेवायचा

नांगर निवांतपणी लागतो त्यापेक्षा घाईत जास्त लागतो. वारा पडलाय, प्रवाह होडीला खडकाकडे ओढतोय आणि तुम्ही लॉकरमधली लाइफजॅकेटं, वल्ही बाजूला सारत नांगर शोधताय, वर दोराचा गुंता निघाला तर संपलंच. म्हणून तो असा ठेवायचा की एकट्या माणसाने उचलून पाण्यात सोडला की दोर आपोआप मागोमाग जात राहिला पाहिजे.

दोराची गोल वेटोळी करून घट्ट बांधून ठेवू नका. दिसायला छान दिसतं, पण पेडांच्या नायलॉन दोराला वेटोळं घालताना पीळ बसतो आणि सोडताना नेमका तिथेच तो आकडी धरून अडकतो. त्यापेक्षा एक बादली घ्या नाहीतर जाळीची पिशवी. बादलीच्या तळाला चार-पाच भोकं पाडा म्हणजे पाणी निथळेल, त्यातलं एक मोठं ठेवा, त्यातून दोराचं शेवटचं टोक हातभर बाहेर काढा आणि मग उरलेला दोर त्या टोकाकडून सुरुवात करून थोडा थोडा आत सोडत जा, पडेल तसा पडू दे, नीट रचायच्या फंदात पडायचं नाही. जो शेवटी आत गेला तो आधी बाहेर येतो त्यामुळे गुंता होत नाही. दोर संपला की त्यावर साखळी (दोर आणि नांगर यांच्या मधली) आणि सगळ्यात वर नांगर. फक्त एवढं बघा की ही बादली मधेच कोणी उलटी करत नाही, उलटी झाली तर दोर पुन्हा पहिल्यापासून भरा.

बाहेर काढलेलं टोक किनारा सोडायच्या आधीच होडीच्या मजबूत जागी बांधायचं, डोलकाठीचा पाया किंवा आरपार बोल्ट मारलेलं क्लीट (दोर अडकवायचा दोन शिंगांचा खुंटा). बादलीच्या कडीला अजिबात नाही! टोक न बांधता नांगर सोडला आणि दोर सरसर संपला की नांगर, साखळी, दोर सगळंच गेलं.

जागा कुठली? सहा मिमीची साखळी मीटरला किलोपेक्षा थोडी कमी भरते, त्यात नांगराचं वजन धरा, हे सगळं अगदी पुढच्या टोकाला ठेवलं तर छोटी होडी नाक खाली घालते आणि लाटेत पाणी आत घेते. म्हणून डोलकाठीजवळ, तळाला, पण हात पोचेल अशी जागा बघा आणि बादली पट्ट्याने आवळून टाका, नांगरासकट, कारण होडी कलंडली तर सुटा नांगर कोणाच्याही अंगावर येऊ शकतो. पट्टा एका झटक्यात सुटणारा हवा, गाठी सोडत बसायला तेव्हा वेळ नसतो.

घडीचा चार आकड्यांचा नांगर ठेवायला सोपा म्हणून लोक तोच घेतात, पण वाळूत आणि चिखलात तो फारसा धरत नाही. तिथे डॅनफोर्थ, म्हणजे दोन चपट्या हलत्या पात्यांचा नांगरच चांगला आणि तो तसाही चपटा होतो, फक्त त्याची पाती हलून बोटं चेमटतात म्हणून बंजी कॉर्ड (ताणला जाणारा रबरी दोर) गुंडाळा.

दोरावर दर ५ मीटरला रंगीत धाग्याची खूण करून ठेवा. खोली ४ मीटर आणि होडीचं नाक पाण्यापासून १ मीटर वर असेल तर हिशोब ५ चा, त्याच्या ७ पट म्हणजे ३५ मीटर सोडायचा, भरती येणार असेल तर ती आधीच खोलीत धरायची. खुणा नसतील तर अंदाजाने सोडता आणि जवळजवळ नेहमीच कमी सोडता.

नांगर वर घेताना चिखल पाण्यातच हिसडून काढा, होडीत आला की तो सगळीकडे जातो. घरी आल्यावर दोर आणि साखळी गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवायची, उन्हात पडून राहिलं की नायलॉन कमजोर होतं, आणि मीठ राहिलं तर दोर कडक होतो. बादली परत भरायच्या आधी शॅकलची (साखळी नांगराला जोडणाऱ्या कडीची) पिन हाताने हलवून बघा, सैल लागली तर पान्याने आवळा आणि पिनेच्या भोकातून तार घालून पक्की करा.