एनपीटेलचा कोर्स नुसता बघून मार्क येत नाहीत, असा करा

एनपीटेलवर, म्हणजे आयआयटी वगैरेंच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर, १२ आठवड्यांचा कोर्स लावला की बरेच जण लेक्चरं साठवत जातात आणि परीक्षेच्या तोंडावर २एक्स स्पीडने सगळी उरकतात, हे आधी बंद करा. मार्कांचं गणित नीट बघा. असाइनमेंटला २५, परीक्षेला ७५, असाइनमेंटपैकी बेस्ट ८ धरतात, आणि पास व्हायला असाइनमेंटमध्ये १० आणि परीक्षेत ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे लागतात, म्हणजे ग्रुपवर आलेली उत्तरं टाकून २५ पैकी २५ मिळाले तरी हॉलमध्ये काहीच आठवलं नाही तर सर्टिफिकेट गेलं.

मग करायचं काय, तर १०-१२ मिनिटं व्हिडिओ बघा, पॉज करा, फोन पालथा ठेवा आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा, फॉर्म्युला, आकृती, काहीही, अडलं की मगच मागे जा. कंटाळा येतो खरा, पण खरा अभ्यास हाच. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर हेच तपासलं होतं. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तेव्हा उतारा परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना साधारण ५६ टक्के आठवलं आणि परत वाचणाऱ्यांना ४२. आपली परीक्षा तर त्याहून लांब असते ना!

असाइनमेंट डेडलाइनच्या दोन दिवस आधी, व्हिडिओ बंद ठेवून सोडवा. चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत उतरवा आणि पुढच्या रविवारी उत्तर न बघता परत करा.