रडरवर पाय बसवायचेत? थोडे तास टेलव्हीलवर काढा

उलव्याचं एअरपोर्ट आल्यापासून खारघर, ऐरोली, ठाण्याकडची बरीच मुलं सीपीएलबद्दल (कमर्शियल पायलट लायसन्स) विचारतात, त्यांना माझं एकच सांगणं असतं की अवर बिल्डिंगमधले (लायसन्ससाठी उड्डाणाचे तास भरतो त्यातले) थोडे तास टेलव्हीलवर, म्हणजे शेपटीखाली छोटं चाक असलेल्या विमानावर काढा. सेसना 152 किंवा 172 सारख्या नाकाखाली चाक असलेल्या विमानात वजन मुख्य चाकांच्या पुढे असतं, त्यामुळे जरा तिरकं टेकलं तरी विमान आपोआप सरळ होतं आणि रडरच्या (शेपटीवरचा, नाक डावी-उजवीकडे वळवणारा भाग) पेडलवरच्या पायांना काही कामच उरत नाही. टेलव्हीलचं वजन चाकांच्या मागे, म्हणजे मॉलमधली ट्रॉली उलटी ढकलून बघा, जरा वळली की अख्खी फिरायला बघते, रनवेवर असं झालं की ग्राउंड लूप. आपल्या फ्लाइंग क्लबांतली जुनी पुष्पकसुद्धा टेलव्हीलच होती.

सुरुवात टॅक्सीपासूनच करा. नजर लांब ठेवायची, नाक हललं रे हललं की छोटासा पाय द्यायचा आणि लगेच सोडायचा, दाबून धरलात की ते दुसरीकडे जाणार आणि मग तुम्ही त्याच्या मागे धावत बसणार. पाय चुकून ब्रेकवर जात नाही ना ते बघा, पायपर कब या टेलव्हील विमानात तर ब्रेक टाचेखाली असतात.

टेकऑफला पॉवर हळूहळू द्या, नाक डावीकडे जाणारच, उजवा पाय तयार हवा. शेपटी उचलताना फिरत्या प्रोपेलरच्या जायरोस्कोपिक इफेक्टमुळे डावीकडे अजून एक ओढ बसते, म्हणून स्टिक (हातातला कंट्रोलचा दांडा) झटक्यात पुढे ढकलू नका.

हवेत गेल्यावर हा सराव नक्की करा, मला तर सगळ्यात जास्त फायदा यातच दिसतो: नाक लांबच्या एका डोंगरावर धरा आणि डावी-उजवी बँक देत राहा, म्हणजे विमान त्या-त्या बाजूला कलवत राहा, एलेरॉन (पंखांवरचे, विमान कलवणारे भाग) आणि रडर एकदमच, नाक तिथून हलता कामा नये. नुसतं एलेरॉन दिलं की नाक आधी उलट्या बाजूला जातं, कबमध्ये हे चांगलंच जाणवतं.

लँडिंगला क्रॉसविंड (आडवा वारा) असेल तर स्टिक वाऱ्याकडे, रडर विरुद्ध, आणि टेकल्यावर वेग कमी होईल तशी स्टिक वाऱ्याकडे वाढवत न्यायची. टेकलं म्हणून पाय सैल सोडू नका, विमान पूर्ण थांबेपर्यंत पाय चालूच.

अमेरिकेत जाणार असाल तर टेलव्हीलसाठी एफएएची (तिथली विमान वाहतूक नियामक संस्था) तासांची अट नाही, इन्स्ट्रक्टर लॉगबुकात एंडॉर्समेंट (लेखी मान्यता) देतो, त्यात क्रॉसविंड, व्हील लँडिंग (शेपटी वर ठेवून मुख्य चाकांवर टेकणं), गो-अराउंड (लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं) सगळं येतं. शांत हवेत उरकून टाकू नका, वारा असलेला दिवस मागून घ्या.