मृगापूर्वी लाव्हीपालकांसाठी सूचना: नवा पक्षी थेट जाळीघरात सोडू नका

रोहिणी नक्षत्र सरत आले आहे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात 44-45 अंशांचा उन्हाळा सोसून लाव्ह्या थकलेल्या असतात, त्यांचे खाणे घटलेले असते, अंडीही कमी झालेली असतात. त्यातच पहिल्या सरी येतात, जाळीघराची जमीन ओलसर होते आणि नेमक्या याच दिवसांत पाळणारे कमी झालेली संख्या भरून काढण्यासाठी नवे पक्षी विकत आणतात. रावेर, चोपडा आणि शिरपूर भागांत गेल्या काही पावसाळ्यांत जी जाळीघरे ओस पडलेली पाहिली, त्यांतील बहुतेक उन्हामुळे किंवा पावसामुळे ओस पडलेली नव्हती. संध्याकाळी विकत आणलेली टोपली रात्री जुन्या पक्ष्यांत रिकामी करण्याची सवय त्यामागे होती.

आपल्याकडे बहुतेकांकडे जपानी लाव्ही असते, जिला बाजारात बटेर म्हणतात. ही 1974 मध्ये कॅलिफोर्नियातून भारतात आणली गेली आणि बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने तिच्या अनेक सुधारित जाती तयार केल्या. अलीकडे मात्र ‘फॅन्सी जोडी’ म्हणून अमेरिकी बॉबव्हाइट आणि मुठीत मावणारी, 40 ते 50 ग्रॅम वजनाची बटन लाव्ही यांचीही विक्री होते. सगळ्या लाव्ह्याच, मग एकाच घरात राहिल्या तर काय बिघडले, असे विक्रेता सांगतो आणि घेणाऱ्यालाही ते पटते. या समजुतीने फार नुकसान केले आहे.

लाव्ह्यांच्या आतड्याला व्रण पाडणारा एक जिवाणूजन्य आजार असून तो विष्ठेतून पसरतो. या जिवाणूचे बीजाणू जमिनीत दीर्घकाळ टिकतात, नेहमीच्या फिनाईलने मरत नाहीत आणि माश्या त्यांना एका खणातून दुसऱ्या खणात नेतात. बॉबव्हाइट या आजाराला सर्वाधिक बळी पडते आणि तिच्या पिलांचा तर संपूर्ण कळप जाऊ शकतो. उलट जपानी लाव्ही किंवा आजारातून उठलेला कोणताही पक्षी वरून धडधाकट दिसत जंतू बाहेर टाकत राहतो. म्हणजे ज्या पक्ष्याकडे पाहून आपण निश्चिंत होतो, तोच दुसऱ्या जातीसाठी घातक ठरतो. पांढरट पातळ विष्ठा, कुबड काढून बसणे आणि पिसे फुगवणे ही लक्षणे दिसतात खरी, पण अनेक पक्षी काहीही न दाखवता, पोटी दाणे असतानाच मरतात. हे मी स्वतः पाहिले आहे, म्हणून ‘पक्षी खातोय, तेव्हा ठीक आहे’ या वाक्यावर विश्वास ठेवू नये.

यावर एकच स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे: नवा पक्षी 30 दिवस वेगळा ठेवणे. त्यासाठी वेगळी शेड बांधावी लागत नाही. जुन्या जाळीघरापासून शक्य तितक्या दूर, वाऱ्याची दिशा जुन्या पक्ष्यांकडे नसेल अशा जागी, तळाला अर्ध्या इंचाची जाळी असलेला पिंजरा जमिनीपासून वर टांगला तरी पुरे. विष्ठा खाली पडते आणि पक्ष्याच्या चोचीला लागत नाही, हेच या जाळीचे काम आहे. त्याचे खाद्य-पाण्याचे भांडे वेगळे असावे, चप्पल वेगळी असावी आणि रोज आधी जुन्या पक्ष्यांची कामे उरकून मगच त्याच्याकडे जावे, परत येताना हात साबणाने धुवावेत. या महिन्यात एकही पक्षी मेला, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करावी. माझा अनुभव असा की, पाऊस सुरू झाल्यानंतर आणलेले पक्षी दुसऱ्या आठवड्यात आजार दाखवतात. हा प्रयोगशाळेचा निष्कर्ष नव्हे, शेतातला अंदाज आहे. पण 8-10 दिवस काही झाले नाही म्हणून घाईने सोडलेल्या कळपांचे हाल आठवले, की तो सांगावासा वाटतो.

एवढे करूनही वेगवेगळ्या जाती एकाच खणात ठेवू नयेत. जपानी नर अतिशय आक्रमक असतात आणि लहान बटन लाव्हीच्या डोक्याची कातडी सोलून काढतात. बॉबव्हाइट जोडीने राहते आणि विणीच्या काळात तिचा नर दुसऱ्या नराला सोडत नाही, तर जपानी लाव्हीत एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्या लागतात. उबवणीही जुळत नाही: जपानी लाव्हीला 17-18 दिवस, बॉबव्हाइटला 23 दिवस लागतात, त्यामुळे एकाच यंत्रात अंडी ठेवणाऱ्यांची गल्लत होते. ज्यांना हौस असेल त्यांनी एका छताखाली खण पाडावेत, मधली भिंत खालून दीड फूट पत्र्याची आणि वर जाळीची ठेवावी, आणि तळ प्रत्येक खणाचा स्वतंत्र असावा. छप्पर एक तर फूटभर उंचीचे किंवा सहा फुटांहून उंच असावे आणि खाली मऊ जाळे ताणावे, कारण दचकलेली लाव्ही सरळ वर उडते आणि डोके फोडून घेते.

पावसापूर्वीची इतर कामे:

जमिनीवरची जुनी गादी काढणे, मातीचा वरचा तीन-चार इंच थर उकरून दूर टाकणे, कळीचा चुना पसरणे.
तूस किंवा भुसा कोरडा साठवणे. भुईमुगाची बुरशी लागलेली टरफले न वापरणे.
मका ओलसर वाटला तर खाद्यात न घालणे.
पिलांच्या पाण्यात गोटे टाकणे, भांडे उथळ ठेवणे.
पिंजऱ्यात प्रौढ जपानी लाव्हीमागे 200 ते 250 चौरस सेंटिमीटर जागा ठेवणे.
पावसाच्या बाजूला पोत्यांचे पडदे. वरची फट मात्र मोकळी.

औषधांबद्दल सावध राहावे. पाऊस पडला की दुकानदार टॉनिक, प्रतिजैविक आणि ‘पोट साफ’ करणारी पावडर एकत्र बांधून देतात. पशुखाद्यातील कोलिस्टिन या प्रतिजैविकावर 2019 पासून बंदी आहे, ते कोणी देऊ केले तर घेऊ नये. पशुवैद्यकाने रक्ती हगवण ठरवली असेल, तर 20 टक्के ॲम्प्रोलियम पावडर 10 लिटर पाण्यात 6 ग्रॅम याप्रमाणे तीन ते पाच दिवस देतात. ॲम्प्रोलियम हे थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) अडवूनच काम करते, म्हणून त्या दिवसांत बी-जीवनसत्त्वांचे टॉनिक पाजल्यास औषध निष्प्रभ होते. दुकानात मात्र दोन्ही एकाच पिशवीत मिळतात. व्रणाच्या आजाराचे प्रतिजैविक निराळे आहे आणि ते शवविच्छेदनाशिवाय सुरू करू नये.

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचा अनुभव विसरू नये. 2006 मध्ये देशातील बर्ड फ्ल्यूचा पहिला उद्रेक तेथेच झाला आणि 2021 मध्ये तो पुन्हा आला. लाव्हीच्या शरीरात पक्ष्यांचे आणि माणसांचे, दोन्ही प्रकारचे फ्ल्यू विषाणू चिकटण्यास जागा असते, म्हणून लाव्ही आणि कोंबड्या एका शेडमध्ये ठेवणे हा साधा निष्काळजीपणा नाही. पावसाळ्यात माळावर आणि ज्वारीच्या शेतात ओरडणारे रानलाव्हे पकडून कळपात सोडणेही तितकेच घातक आहे. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्हा ठरते. ‘बटन’ म्हणून विकला जाणारा पक्षी मागच्या बोटाशिवाय, केवळ तीन बोटांचा दिसला, तर तो रानातून पकडलेला समजावा आणि घेऊ नये.

टोपली दारात आलीच असेल, तर आज संध्याकाळी ती जाळीघरात नेऊ नका. आधी पिंजरा टांगा. आणि पक्षी मेला, तर गटारात किंवा शेताच्या बांधावर न टाकता बर्फात गुंडाळून त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचवा, किंवा 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर कळवा. शवविच्छेदनात आतड्यावर व्रण आणि यकृतावर पिवळसर ठिपके आढळले, तर उरलेल्या कळपावर कोणते औषध, किती दिवस चालवायचे ते तिथेच ठरेल.