नवीन इस्टेट एजंट: पहिल्या वर्षाचे काम कसे लावावे

नव्या एजंटचा बहुतेक वेळ घरे दाखवण्यात जातो. व्यवहार मात्र मोडतो तो कागदपत्रांवर किंवा हिशेबावर. म्हणून पहिल्या वर्षात बोलण्याच्या कौशल्यापेक्षा या दोन गोष्टींवर जास्त मेहनत घ्या. पुढची आकडेवारी पुण्याची आहे, पण पद्धत राज्यात कुठेही चालेल.

नोंदणी

महारेरात (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात) नोंदलेल्या प्रकल्पातील फ्लॅट किंवा प्लॉट विकायचा असेल, तर एजंटचीही नोंदणी लागते. ती नसताना काम केल्यास दिवसाला १०,००० रुपये दंड होऊ शकतो आणि तो वाढत मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जातो. आधी मान्यताप्राप्त संस्थेचे प्रशिक्षण घ्या, परीक्षा देऊन सक्षमता प्रमाणपत्र मिळवा, मग ऑनलाइन अर्ज करा. व्यक्तीसाठी शुल्क १०,००० रुपये, मुदत ५ वर्षे. भाड्याच्या कामांना ही अट नाही, त्यामुळे परीक्षेची तयारी चालू असतानाच ती सुरू करता येतात.

एरिया लहान ठेवा

संपूर्ण पुणे करतो म्हणणाऱ्या नवख्याला कोणताच मालक चावी देत नाही. कोथरूडसारख्या भागातल्या, पायी फिरता येतील अशा तीस-चाळीस सोसायट्या निवडा. प्रत्येकीची नोंद ठेवा: बांधकामाचे वर्ष, पाणी महापालिकेचे की टँकरचे, मेंटेनन्स, पार्किंग, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), कन्व्हेयन्स (जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे होणे) झाले की नाही.

भाव ऐकीव नको. पोर्टलवर दिसते ती मालकाची अपेक्षा असते, प्रत्यक्ष मिळालेली किंमत नव्हे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून त्या इमारतीतले अलीकडचे तीन-चार इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा) काढा. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणा आणि आकडा कार्पेटचा (भिंतींच्या आतला वापराचा) आहे की बिल्टअपचा (भिंती धरून), ते नीट पाहा. इथे गल्लत झाली की प्रति चौरस फूट भाव हजारो रुपयांनी चुकतो आणि मालकाचा तुमच्यावरचा विश्वास तिथेच उडतो.

भाड्यापासून सुरुवात

भाड्याचे काम आठवड्या-दोन आठवड्यांत पूर्ण होते, त्यामुळे हातात पैसा लवकर खेळतो. लिव्ह अँड लायसन्स करार (घर भाड्याने देण्याचा नेहमीचा करार) लेखी आणि नोंदणीकृत असणे महाराष्ट्रात बंधनकारक आहे. अकरा महिन्यांचा असला तरी. ती जबाबदारी मालकावर असल्याने करार नीट करून देणारा एजंट त्याला हवाच असतो. कराराच्या नवव्या महिन्यात दोन्ही बाजूंना फोन करा. आजचा भाडेकरू उद्या खरेदीदार होतो आणि मालकाला कधीतरी फ्लॅट विकायचा असतोच.

रीसेल (मालकाकडच्या जुन्या घराची विक्री): आधी फाइल, मग साइट व्हिजिट

जाहिरात करण्यापूर्वी मालकाकडून या गोष्टींच्या प्रती घ्या: पहिल्या खरेदीपासूनचे सगळे नोंदणीकृत करार, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), मालमत्ता कराची पावती, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि कर्ज असेल तर बँकेचे शिल्लक रकमेचे पत्र. मधला एखादा करार गहाळ असेल तर बँकेचा वकील कर्ज अडवतो. मालक वारला असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, आणि परदेशात राहणारा वारस असला की त्यात महिने जातात. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर टीडीएसचा (खरेदीदाराने पैसे देताना कापून सरकारकडे भरायच्या आयकराचा) नेहमीचा १ टक्का चालत नाही, कपात बरीच जास्त असते. हे टोकनआधी, म्हणजे सौदा पक्का करताना दिल्या जाणाऱ्या आगाऊ रकमेआधी, कळले तर मार्ग निघतो.

खरेदीदाराचा हिशेबही पहिल्याच भेटीत मांडा. ६० लाखांच्या फ्लॅटवर बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ४८ लाख देते. उरलेले १२ लाख, पुण्यातले ७ टक्के मुद्रांक शुल्क ४.२० लाख, नोंदणी शुल्क ३०,००० आणि १ टक्का दलाली धरली तर ६०,०००. म्हणजे खिशातून १७.१० लाख. खरेदीदार महिला असून घर एकट्या तिच्या नावे होणार असेल, तर मुद्रांक शुल्काच्या दरात १ टक्का सवलत मिळते. 'आमच्याकडे बारा आहेत' म्हणणाऱ्याला ६० लाखांचे घर दाखवू नका. त्याला कमी किमतीतले दाखवा, त्याचे भले त्यातच आहे.

टोकन

टोकन चेकने किंवा बँकेतून थेट विक्रेत्याच्या खात्यात जाऊ द्या, स्वतःच्या खात्यात कधीच घेऊ नका. मालमत्तेसाठी २०,००० रुपये किंवा अधिक रोख घेण्यास आयकर कायद्यात मनाई आहे. पावतीवर एकूण किंमत, पार्किंग, फर्निचर, कराराची तारीख लिहा. कर्ज नामंजूर झाले तर टोकन किती दिवसांत परत मिळणार, तेही लिहाच. सर्वाधिक भांडणे या एका ओळीवरून होतात. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे ग्राहकाला तुम्हीच सांगा.

दलाली

टक्केवारी पहिल्या साइट व्हिजिटआधी व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून घ्या आणि कधी मिळणार तेही ठरवा. रीसेलमध्ये अर्धी करार नोंदणीच्या दिवशी आणि अर्धी ताब्याच्या वेळी, ही विभागणी दोन्ही बाजूंना पटते. टोकनपासून ताब्यापर्यंत दोन-तीन महिने सहज जातात, म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच या कामात उतरा. बिल्डर तुमच्या बिलातून टीडीएस कापतो, तो विवरणपत्रात दाखवून वळता करून घ्या. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. त्यानंतर दलालीवर १८ टक्के कर वेगळा लागेल, हे दर सांगतानाच स्पष्ट करा.