प्रश्नावलीत खर्रा नव्हता

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामीण महाविद्यालयासाठी मी विद्यापीठ किती आरोग्यवर्धक आहे हे तपासणारी एक परदेशी प्रश्नावली मराठीत आणली. आरोग्यवर्धक विद्यापीठं-महाविद्यालयांसाठीच्या २०१५ च्या आंतरराष्ट्रीय ओकानागन जाहीरनाम्याचा विचार तिच्यात आहे: आरोग्य म्हणजे फक्त दवाखाना नव्हे; संस्थेचा कारभार, परिसर, शिकवणं, सगळंच त्यात येतं. मला तो मनापासून पटतो.

दोघांकडून भाषांतर करून घेतलं, तिसऱ्याकडून ते उलट इंग्रजीत करून ताळा पाहिला. शब्द जुळले. पण तंबाखूपुढे जवळजवळ सगळ्यांनी 'नाही' लिहिलेलं, आणि जिन्याचे कोपरे पिचकाऱ्यांनी रंगलेले!

मग एकेका विद्यार्थ्याला प्रश्न मोठ्यानं वाचायला लावला आणि काय समजलं ते विचारलं. एक पोरगा सरळ म्हणाला, "तंबाखू नाही खात सर, खर्रा खातो." सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला खर्रा त्याच्या लेखी तंबाखू नव्हताच. इथेच गाठ सुटली. खर्रा नावानिशी घातला, खर्र्याचा ठेला महाविद्यालयाच्या फाटकापासून किती दूर आहे तेही विचारलं.

चालण्याच्या प्रश्नात आम्हाला भरघोस गुण मिळत होते. कारण? एसटी चुकली की पोरी चार किलोमीटर पायी येतात, तेही मे महिन्याच्या उन्हात. तिथे सावली, पिण्याचं पाणी आणि बसची वेळ असे तीन प्रश्न केले. 'मानसिक आरोग्य' वाचून मुलं गप्प व्हायची, 'टेन्शन' म्हटल्यावर बोलू लागली.

आता आमचे गुण मूळ प्रश्नावलीच्या गुणांशी थेट ताडता येत नाहीत. अहवालाच्या पहिल्याच पानावर तसं लिहिलंय.