इनॉगरेट लिहिताना या चुका टाळा

राजेहो, गावात ओपन जिम असो का अभ्यासिका, फ्लेक्सवर 'इनॉगरेटेड' (म्हणजे उद्घाटन केलं) पाहिजेच, अन् तिथंच घोळ होते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हा शब्द कुठंही घुसवणं. पोट्टे लिहितात 'आय इनॉगरेटेड माय होमवर्क'. अबे, होमवर्कले 'स्टार्ट' नाहीतर 'बिगिन' पुरते, इनॉगरेटले काहीतरी थाटमाट लागते. आता काहून, तर त्याचं मूळ पाहा. लॅटिनमधी 'इनॉगुरारे' म्हणजे शकुन पाहणं अन् शकुन पाहून पदावर बसवणं. जुन्या रोममधी ऑगर नावाचे पुरोहित असत, ते वाकड्या टोकाची काठी घेऊन आभाळाचे भाग पाडत अन् कोणता पक्षी कोणत्या बाजूनं उडाला, कसा ओरडला हे पाहत, देवाचा होकार दिसला तरच पुढचं काम. आपल्या बुलढाण्यात भेंडवळच्या घटमांडणीकडे कसे सगळे कान लावून बसतात, तसंच समजा. रोम कोणी वसवायचं यावरून रोम्युलस अन् रीमस या भावांचं वाजलं, तेव्हा रीमसले आधी 6 गिधाडं दिसली अन् मग रोम्युलसले 12, अशी कथा आहे. इ.स.पू. 249 मधी तर क्लॉडियस पुल्खर नावाच्या सेनापतीच्या शकुनाच्या कोंबड्या (दाणे खाल्ले तर शुभ) दाणेच खाईनात, 'खात नाही तर पाणी पिऊ द्या' म्हणून त्यानं समुद्रात फेकल्या, अन् ड्रेपानाची लढाई हरला म्हणतात! लग्नपत्रिकेवरचं 'ऑस्पिशियस' (शुभ) पण पक्षी पाहण्यातूनच आलं, हे बहुतेकायले माहीत नसते.

दुसरं, अमेरिकेचा प्रेसिडेंट इनॉगरेट होते म्हणून 'राष्ट्राध्यक्षांचं उद्घाटन' लिहू नका, हसतील लोक. तो शपथविधी आहे, 1937 पासून 20 जानेवारीले होते.

'द लायब्ररी इनॉगरेटेड ऑन संडे' हेही चूक, लायब्ररी काय सोताच फीत कापते का, मधी 'वॉज' टाका. अन् 'बाय द ऑस्पिशियस हॅन्ड्स ऑफ' हे आपलं 'शुभहस्ते' जसंच्या तसं इंग्रजीत नेलेलं आहे, नुसतं 'बाय' अन् पाहुण्याचं नाव भागते.

स्पेलिंगमधी (inaugurate) यू दोनदा येते, एकदा ए नंतर अन् एकदा जी नंतर. त्यातला एखादा यू हमखास गळते, म्हणून छापायच्या आधी फ्लेक्सवाल्याकडून प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, सरपंचाच्या फोटोआधी हा शब्द झूम करा.